केबल मॉडेमचं नेट रोज ठरावीक वेळी जात असेल तर

"मॅडम, आता तर चालू आहे." केबलवाल्याकडून येणाऱ्या मुलाने हे वाक्य गेल्या उन्हाळ्यात आमच्या दारात सहा वेळा म्हटलं. नेट जायचं दुपारी, तो यायचा संध्याकाळी साडेपाचला. मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा, आकडा माझ्यासमोर धरायचा, मॉडेम एकदा बंद-चालू करायचा आणि चहाला नको म्हणत जिना उतरायचा. दोनदा तर मॉडेमच बदलून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला नव्या मॉडेमचा तिसरा दिवा तसाच लुकलुकायला लागला.

इमारत कोथरूडची, चार मजली, नव्वदच्या दशकातली. फायबरची वायर अजून आमच्या जिन्यापर्यंत पोहोचलेली नाही, त्यामुळे टीव्हीच्या केबलमधूनच नेट. ते मुळात वाईट नाही. रोज दुपारी एक ते चार गायब होतं आणि शिवाय सकाळी-संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं अडखळतं, हे वाईट. माझं काम घरून चालतं आणि आईचा मावशीबरोबरचा रोजचा व्हिडिओ कॉल त्याच वेळात असतो.

शेवटी दोन वेगवेगळे दोष निघाले. दोन्ही मॉडेममध्ये नव्हते. ते कसे सापडले ते लिहिते, कारण केबलचं नेट ठरलेल्या वेळी जाण्याची कारणं बहुतेक ठिकाणी याच जातीची असतात.

आधी तुमच्याकडे आहे काय ते बघा

डब्याच्या मागे टीव्हीला येते तशी जाड गोल वायर आणि तिच्या टोकाला आट्यांची धातूची पिन असेल, तर तो केबल मॉडेम. बारीक वायर आणि टोकाला हिरवं किंवा निळं प्लास्टिक असेल, तर ते फायबर. त्याची दुखणी वेगळी. तिसरा प्रकार म्हणजे जिन्यातल्या पेटीतून थेट लॅनची वायर घरात आलेली असते. लोक तिन्हींना "केबलचं नेट" म्हणतात, कारण पैसे घ्यायला येणारा माणूस एकच असतो. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

दुसरी खात्री वाय-फायची. लॅपटॉप लॅनच्या वायरने राउटरला जोडा, कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हीत सतत पिंग, म्हणजे त्या पत्त्याला "आहेस का?" असं विचारत राहणं, लावून ठेवा: एकात राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), दुसऱ्यात मॉडेमचा १९२.१६८.१००.१ आणि तिसऱ्यात बाहेरचा एखादा, म्हणजे ८.८.८.८. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे. नेट गेल्यावर राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरात. राउटर आणि मॉडेम उत्तर देतायत आणि फक्त बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर लाइन. आमच्याकडे तिसरी खिडकी गप्प व्हायची, पहिल्या दोन मजेत चालू असायच्या. वाय-फायला दोष देणाऱ्या माझ्या भावाला तो स्क्रीन दाखवल्यावर तो विषय घरापुरता तरी संपला.

आणि नेट मंद होणं वेगळं, जाणं वेगळं. केबलमध्ये एका नोडवरची, म्हणजे परिसराच्या एका वाटप-पेटीवरची, सगळी घरं तेच चॅनेल वाटून घेतात. आपल्याकडच्या ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून साधारण ५० एमबीपीएस जातात, आणि रात्री नऊला सगळा परिसर व्हिडिओ बघायला बसला की वाट्याला कमी येतं. त्याला तुमची वायर जबाबदार नाही, पिना आवळून काही होणार नाही. पिंग पूर्ण तुटत असेल तरच पुढे वाचा.

मॉडेम हाक मारतो, ओ यावी लागते

मॉडेमचे चार दिवे एकामागून एक का लागतात हे समजलं की अर्धी लढाई झाली. वीज आली की मॉडेम आधी वरून येणारा सिग्नल शोधतो. तो सापडला की डाउनस्ट्रीमचा दिवा स्थिर होतो. मग त्याला उलट दिशेने बोलायचं असतं. इथे तो खालून चौथ्या मजल्यावर हाक मारावी तसं करतो: आधी हळू, ओ आली नाही तर जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. पलीकडच्या उपकरणाने ओ दिली, "एवढ्या आवाजात बोल" असं सांगितलं, की अपस्ट्रीमचा दिवा स्थिर. त्यानंतर आयपी पत्ता, तुमच्या प्लॅनचा वेग लिहिलेली छोटी फाइल, नोंदणी, आणि ऑनलाइनचा दिवा.

तुमचा कुठला दिवा लुकलुकतो ते बघा. दुसरा असेल तर वरून सिग्नलच येत नाही: वायर तुटली, पिन निघाली, वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेली. तिसरा असेल तर ऐकू येतंय, पण हाक पोहोचत नाही. शेवटचाच अडला असेल तर बिल भरलंय का ते आधी बघा, किंवा मॉडेम बदलल्यावर त्याच्या पाठीवरचा मॅक नंबर, म्हणजे मॉडेमचा ओळख-क्रमांक, कंपनीच्या यादीत चढायचा राहिलाय.

तिसऱ्या दिव्याचं दुखणं सगळ्यात जास्त का, याला इतिहास आहे. आपल्याकडे गच्चीवरून गच्चीवर वायरी पडायला लागल्या त्या १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास, आणि त्या टीव्हीसाठी होत्या. एकाच दिशेने सिग्नल न्यायचा, चित्राला थोड्या मुंग्या आल्या तरी चालतंय असा कारभार. केबलवरून इंटरनेट नेण्याचं डॉक्सिस हे मानक १९९७ मध्ये आलं आणि त्याच वायरीतून उलट दिशेचीही वाहतूक सुरू झाली. या परतीच्या रस्त्याला तळाची अरुंद पट्टी मिळाली, आपल्याकडच्या पद्धतीत ५ ते ६५ मेगाहर्ट्झ. नेमक्या याच पट्टीत मोटारींच्या ठिणग्या, शॉर्टवेव्ह रेडिओ आणि घरगुती यंत्रांचा खरखराट भरलेला असतो. शिवाय झाडाच्या मुळांसारखं सगळ्या घरांचं परतीचं बोलणं एका बुंध्यात गोळा होतं, त्यामुळे एका घरातला गोंगाट सगळ्यांच्या वाट्याला येतो.

मॉडेमचं स्वतःचं पान

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की बहुतेक केबल मॉडेम आपलं पान उघडून देतात, नेट गेलेलं असलं तरी. काही कंपन्या ते बंद करून ठेवतात. तसं असेल तर तक्रार करताना तेच आकडे त्यांना त्यांच्या स्क्रीनवर बघायला सांगा, त्यांना दिसतात.

तीन आकडे बघायचे. डाउनस्ट्रीम पॉवर: मानकात उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं माप) चालते, पण सुखाने नांदायचं तर उणे ७ ते अधिक ७ मध्ये हवी. एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते: २५६ क्वॅमसाठी (सिग्नलवर माहिती चढवायची एक पद्धत) ३३ च्या वर असलं की निर्धास्त. आणि अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मॉडेमला किती ओरडावं लागतंय: ३५ ते ४८ उत्तम, ५० च्या पुढे काळजी. डॉक्सिस ३.० च्या मॉडेमचा घसा एका चॅनेलवर ५७ पर्यंत, दोन चॅनेल जोडलेले असतील तर ५४ पर्यंत आणि चार असतील तर ५१ पर्यंत ताणतो. त्यापुढे आवाज नाही.

केबलवाल्याच्या हातातल्या मीटरवर हे आकडे दिसणार नाहीत, तो बहुधा डीबीमायक्रोव्होल्ट दाखवतो. घाबरू नका, ६० वजा करा. त्याचा ६२ म्हणजे तुमचा अधिक २. पहिल्या वेळी मी त्याच्याशी या ६२ वरून वाद घातला होता, तो माझाच अडाणीपणा.

मग लॉग, म्हणजे मॉडेमने स्वतःच ठेवलेली नोंदवही. त्यात इंग्रजीत टी-३ टाइमआऊट, टी-४ टाइमआऊट असं लिहिलेलं असतं. टी-३ म्हणजे मॉडेमने हाक मारली आणि ठरलेल्या क्षणभरात ओ आली नाही. दिवसाला एखाद-दुसरा टी-३ कुणाकडेही निघतो. सलग सोळा झाले की मॉडेम तो चॅनेल सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि आपल्या भाषेत नेट गेलं. टी-४ म्हणजे अर्धा मिनिट पलीकडून याला कुणी बोलायची पाळीच दिली नाही.

लॉगमध्ये १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसली तर मॉडेम खुळा झालेला नाही. तो नुकताच चालू झालाय आणि त्याला अजून वेळ कळलेली नाही. अशा ओळी रोज दिसत असतील आणि अपटाइम, म्हणजे मॉडेम सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, सारखा शून्यावर येत असेल, तर लाइन सोडा आणि बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बदला. अ‍ॅडॉप्टर म्हातारा झाला की मॉडेम अधूनमधून मान टाकतो, आणि लक्षणं हुबेहूब लाइनच्या बिघाडासारखी दिसतात. उलट अपटाइम पुढे सरकतोय आणि टी-३ च्या ओळी साचतायत, तर अ‍ॅडॉप्टर निर्दोष. बहुतेक मॉडेमना ही परीक्षा लागू पडते.

एक विनंती. मागचं टाचणीने दाबायचं रीसेटचं बटण दाबू नका. त्याने लॉग पुसला जातो, म्हणजे आपणच आपला पुरावा मिटवतो.

दुपारचं दुखणं

मी तीन दिवस दर दोन तासांनी पानाचा फोटो काढला. सकाळी नऊला डाउनस्ट्रीम उणे ५, एसएनआर ३७, अपस्ट्रीम ४८. दुपारी दोनला उणे ११, ३२ आणि ५४. आमच्या मॉडेमला दोन अपस्ट्रीम चॅनेल, म्हणजे ५४ ही त्याची कमाल. सूर्य चढला की हा बिचारा घसा फाडून ओरडतोय आणि पलीकडे ऐकू येत नाहीये.

"ऊन आहे मॅडम, उन्हाने होतं," असं केबलवाला म्हणाला. हे अर्धंच खरं, आणि आकडेमोड केल्याशिवाय ते मलाही कळलं नसतं. तापमान वाढलं की वायरीतला तोटा वाढतो, हे खरं. पण दर अंश सेल्सिअसला त्या तोट्याच्या सुमारे ०.२ टक्के इतकाच. आरजी-६, म्हणजे ही टीव्हीची वायर, अगदी वरच्या वारंवारतेला शंभर मीटरमागे २० डेसिबलच्या आसपास खाते. साठ मीटर वायर धरली तर बारा. गच्चीवर वायर पहाटेपेक्षा ३५ अंशांनी तापली असं मानलं तरी बाराचे सात टक्के, म्हणजे एक डेसिबलच्या आत. परतीच्या खालच्या पट्टीत तर त्याहून कमी. आमचे दोन्हीकडून सहा-सहा डेसिबल जात होते. उन्हाने एक जाईल, सहा जाणार नाहीत. सहा गेले म्हणजे कुठेतरी जॉइंट ढिला आहे आणि ऊन त्याला फक्त निमित्त आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे त्याच केबलचं नेट. त्यांचं दुपारी जात नव्हतं, आणि त्यावरून केबलवाल्याने "तुमच्याच घरात प्रॉब्लेम" असा निकाल दिला होता. काकांच्या मॉडेमचं पान उघडलं, तर त्यांचेही आकडे दुपारी सहाने घसरत होते, फक्त ४३ वरून ४९ वर जाऊन थांबत होते. म्हणजे दोष सगळ्या इमारतीचा, पण त्यांच्या गाठीशी शिल्लक होती आणि आमच्या नव्हती.

आमची शिल्लक कुठे गेली ते टीव्हीमागे सापडलं. हॉलमध्ये तीन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे तीन फाटे करणारी डबी: हॉलचा सेट टॉप बॉक्स, आतल्या खोलीचा, आणि मॉडेम. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक बाजूला साधारण साडेतीन डेसिबल खातो. तीन तोंडांच्यात बहुधा एका तोंडावर साडेतीन आणि उरलेल्या दोनवर सात-सात असतात, आणि ते त्याच्या पत्र्यावर छापलेलंही असतं. आमचा मॉडेम सातवर बसलेला. दोन तोंडांचा नवा स्प्लिटर आणला, एक तोंड थेट मॉडेमला, दुसऱ्यावरून दोन्ही टीव्ही. अपस्ट्रीम दुपारी ५४ वरून साडेपन्नासवर आली. तीन तासांची गैरहजेरी कडक उन्हाच्या अर्ध्या तासावर आली.

स्प्लिटर घेताना त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलंय ना ते बघा. डिश टीव्हीवाला स्प्लिटर ९५० च्या पुढचा असतो, तो इथे बिनकामाचा. टीव्हीचं चित्र सुधारायला कुणी घरात छोटा बूस्टर बसवला असेल तर तो काढून बघा. परतीचा रस्ता नसलेला बूस्टर फक्त खालच्या दिशेने बोलू देतो, मॉडेमची हाक त्याच्यापाशीच मरते.

पिना उघडण्याआधी टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि मॉडेम तिन्ही बोर्डावरून बंद करा. आपल्याकडच्या अर्थिंगचा काही भरवसा नाही, पिनेच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, कधी चांगला झटकाही. पिन ११ नंबरच्या पान्ह्याने हलकी आवळायची. नुसती हाताने घट्ट केलेली पिन हळूहळू सैल होऊ शकते. आतली तांब्याची तार पिनेच्या कडेबाहेर साधारण तीन मिलिमीटर यायला हवी. बाहेरच्या जाळीचा एक केस जरी त्या तारेला टेकला तरी सगळा खेळ खलास.

राहिलेला अर्धा तास गच्चीवर होता. मी त्या मुलाला फोन करून म्हटलं, "दादा, या वेळी संध्याकाळी नका येऊ, दुपारी दोनला या. जेवण करून या हवं तर." तो आला, थोडा नाराज होऊन. शेजारच्या इमारतीवरून येणारी वायर आमच्या काळ्या पाण्याच्या टाकीशेजारी एका जॉइंटला मिळत होती. त्यावर इन्सुलेशन टेपचे सात-आठ वेढे, उन्हाने चुरगळून बिस्किटासारखे झालेले. टेप सोलली. आतली पिन त्याने बोटाने धरली आणि ती बोटाबरोबर फिरली. आवळलेली नव्हतीच, नुसती खोचलेली. आतली तार जेमतेम टेकलेली आणि टोकाला हिरवी. ऊन चढलं की दोन इमारतींमधली वायर सैल पडून झोळ घ्यायची आणि तिचं वजन त्या पिनेवर लोंबायचं. मी त्याला मोबाइलवर माझ्या मॉडेमचं पान दाखवत होते. त्याने वायर वर उचलली की अपस्ट्रीम ४५, सोडली की ५१. दोन-तीनदा उचलून-सोडून बघितल्यावर तो स्वतःच हसला. "हे तर गेल्या वर्षीपासूनच असणार, मॅडम."

वायर वीतभर कापून त्याने नवीन पिन दाबली, हातावर मुरगळून लावायची नव्हे, टूलने दाबून बसवायची. तिच्यावर रबराची टेप, ओढून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते ती. आणि वायर जॉइंटमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ, म्हणजे पावसाचं पाणी जॉइंटकडे न जाता तिथून टपकेल. पाणी एकदा जाळीत शिरलं की वातीसारखं आत चढत जातं, मग पिन बदलून भागत नाही, वायर बदलावी लागते. गच्चीवरचे जॉइंट मे महिन्यातच बघून घ्यायचे ते त्यासाठी.

मोटरचं दुखणं

दुपार सुटली. सकाळ-संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं राहिली. आणि इथे माझं सगळं पान-फोटो प्रकरण बाजूला ठेवून श्रेय आईला द्यावं लागेल.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशोब लिहिते. मार्चपासून तिने त्याच चौकोनांत नेट गेलं की फुलीही मारायला सुरुवात केली होती, शेजारी वेळ. एप्रिलचं पान बघितलं तर सकाळच्या फुल्या पावणेसात, पावणेसात, सात, पावणेसात. संध्याकाळच्या सातच्या आसपास. "मोटर लागली की जातं," ती म्हणाली. मी तिला समजावलं की पाण्याच्या मोटरचा आणि इंटरनेटचा काही संबंध नसतो. तिने "बरं" म्हटलं, आणि फुल्या चालू ठेवल्या.

वॉचमनला मी फोन करून एकदा भलत्याच वेळी, अकरा वाजता, मोटर लावायला सांगितली. सात सेकंदांत पिंग तुटायला लागला.

या वेळी मॉडेमच्या पानावर वेगळं चित्र होतं. डाउनस्ट्रीम जागच्या जागी, एसएनआर ३६, अपस्ट्रीम पॉवरही फारशी हललेली नाही, आणि लॉगमध्ये टी-३ ची रांग. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आकडे घसरून टी-३ येत असतील तर तोटा, म्हणजे जॉइंट किंवा स्प्लिटर. आकडे शाबूत असून टी-३ येत असतील तर गोंगाट, म्हणजे कुठूनतरी बाहेरची खरखर परतीच्या पट्टीत शिरतेय. हाक पुरेशी मोठी आहे, पण पलीकडच्याच्या कानाशी कुणीतरी ताशा वाजवतंय. या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचंही नेट जायचं, त्यांनी ते फक्त "सकाळी जरा स्लो असतं" म्हणून सोडून दिलं होतं.

गोंगाट शिरायला भोक लागतं. तळमजल्याचा एक फ्लॅट चार-पाच वर्षं बंद आहे, मालक परदेशी. त्यांची केबल कधीतरी कापली गेली, पण डक्टमधल्या स्प्लिटरवरून काढली नाही. कापलेलं टोक मीटरच्या खोलीत, मोटरच्या स्टार्टरपासून हातभर अंतरावर लोंबत होतं, आतली तार उघडी. वायरीचं उघडं टोक म्हणजे अँटेनाच. स्टार्टरचे काँटॅक्ट झिजलेले, त्यांच्या ठिणग्यांची खरखर ते टोक इमानदारीने गोळा करून डक्टमधून वर आणि तिथून नोडला पाठवत होतं.

उपाय पाच मिनिटांचा. ती वायर स्प्लिटरवरून काढली आणि रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावला, अंगठ्याच्या पेराएवढी टोपी. डक्टमधली आणखी दोन तोंडं उघडी निघाली, त्यांनाही टोप्या घातल्या. तुमच्या घरातल्या स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं असेल, किंवा आतल्या खोलीत टीव्ही नसलेली केबल भिंतीतून नुसती बाहेर आलेली असेल, तर तिथेही हेच करा. स्टार्टरचे काँटॅक्ट सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने नंतर बदलले, ते वेगळं.

हे सगळं स्वतः करू नका, एवढं मात्र सांगते. घरातला स्प्लिटर, घरातल्या पिना, टर्मिनेटर, इथपर्यंत आपला हात. जिन्यातला अ‍ॅम्प्लिफायर २३० व्होल्टवर असतो आणि त्याचा एक स्क्रू फिरवला की खालच्या चार घरांचं गणित बिघडतं. गच्चीच्या कठड्यावरून वायर ओढणं तर नकोच.

तक्रार कशी सांगायची

"नेट चालत नाही" म्हटलं की फोनवरची मुलगी "मॉडेम रीस्टार्ट करा" म्हणते. तिच्यासमोरच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं, तिचा दोष नाही. आमच्या सातव्या तक्रारीचं वाक्य असं होतं: "रोज दुपारी एक ते चार अपस्ट्रीम ५४ पर्यंत जाते, डाउनस्ट्रीम सहाने पडते, टी-३ येतात, खालच्या मजल्यावरच्या मॉडेममध्येही तशीच घसरण आहे, जॉइंट बघायला माणूस दुपारी दोनला हवा." पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि फोन थेट टेक्निकल विभागात गेला. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या, तो कागदावर लिहा, आणि काम होण्याआधी "तक्रार बंद केली" असा मेसेज आला तर त्याच नंबरावर परत उघडायला लावा, नवीन नोंदवू नका. नवीन तक्रार म्हणजे परत पहिल्यापासून रीस्टार्ट.

कंपनी आणि गल्लीतला केबलवाला हे दोन वेगळे लोक असतात हेही ध्यानात असू द्या. मॉडेम, प्लॅन, नोडपर्यंतची लाइन बहुधा कंपनीची. नोडपासून तुमच्या घरापर्यंतची वायर, जॉइंट, डक्ट केबलवाल्याचे. जॉइंटसाठी कंपनीशी भांडून उपयोग नसतो, आणि मॅक नंबरसाठी केबलवाल्याशी.

आमचे आकडे आता दुपारी दोनला उणे २, ३७ आणि साडेचव्वेचाळीस. पावसाळा त्या झोळावरून टपकत निघून गेला. अजून जातं ते गुरुवारी. महावितरणची दुरुस्ती निघाली की आमच्या घरात इन्व्हर्टरवर मॉडेम चालू, त्याचा दुसरा दिवा मात्र लुकलुकत असतो, कारण अ‍ॅम्प्लिफायर सोसायटीच्या कॉमन मीटरवर आहे आणि त्याला बॅटरी नाही. छोटा यूपीएस कुणी घ्यायचा, केबलवाल्याने की सोसायटीने, हा विषय येत्या मीटिंगच्या पत्रिकेत सहाव्या नंबरला आहे, पार्किंगच्या नंतर.